त्याच तारखेचा दुसरा कागद

दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस गोव्यात, आमच्या फोंड्यात, धड झोप मिळत नाही. वाड्यावाड्यावर नरकासुराचे सांगाडे उभे राहतात, पोरं त्यात गवत भरतात, कागद चिकटवतात, आणि हे सगळं कानठळ्या बसवणाऱ्या संगीताशिवाय होत नाही. गेल्या वर्षी माझा भाचा कॉलेजच्या सुट्टीत आमच्याकडे होता. त्याच्या चौघांच्या बँडला नरकासुराच्या रात्री अर्धा तास वाजवायला मिळणार होता, म्हणून तालीम आमच्या मागच्या पडवीत. एका तिन्हीसांजेला त्यानं स्पीकरवर एक गाणं लावलं. सुरुवातीला नुसती घंटा. एक ठोका, मधे बरीच जागा, मग दुसरा.

आई देवाकडे वात लावत होती. हात तसेच तेलाचे घेऊन ती बाहेर आली. "कोण गेलो रे?"

टेकडीपलीकडे इगर्ज, म्हणजे चर्च आहे. ख्रिस्तीवाड्यावर कोणी गेलं की तिथली घंटा अशीच वाजते, आणि आईच्या डोक्यात आपोआप नावं फिरायला लागतात: कोण आजारी होतं, कोणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं होतं. "कोण ना आजी, गाणें तें," भाचा म्हणाला. ती पुटपुटत आत गेली. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगून ठेवतो. त्यावर भांडणारे पुष्कळ आहेत, आज तो विषय नाही.

गाणं आयर्न मेडन या इंग्लिश बँडचं. 'हॅलोड बी दाय नेम'. १९८२ सालच्या अल्बममधलं शेवटचं, स्टीव्ह हॅरिसनं लिहिलेलं, ब्रूस डिकिन्सननं गायलेलं, सात मिनिटांहून थोडं मोठं. आमच्या पिढीनं ते कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून ऐकलं. २००७ मध्ये हा बँड बंगळूरला आला तेव्हा माझे दोन मित्र रात्रीच्या बसनं गेले होते. मी कोर्टाची तारीख सांभाळत राहिलो, त्याची खंत अजून आहे. तर गाणं असं: फाशीची शिक्षा झालेला एक माणूस थंड कोठडीत बसला आहे. पाच वाजता त्याला न्यायचं आहे. पाद्री शेवटचे विधी करायला येतो. गजांमधून जगाकडं बघताना हे कुठंतरी चुकून घडतंय, आपण स्वप्नात आहोत, असं त्याला वाटतं. मरणाला भीत नाही म्हणतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतं. चौकातून चालवत नेताना कुठल्याशा कोठडीतून कोणीतरी 'देव तुझ्यासोबत असो' म्हणून ओरडतं, आणि हा मनाशी म्हणतो, देव असेल तर तो मला जाऊ का देतोय? शेवटी आत्मा वगैरे येतो, संगीत धावायला लागतं आणि गिटारी सगळं झाकून टाकतात.

भाच्याच्या बँडमधला ड्रम वाजवणारा मुलगा ख्रिस्ती. त्याला गाण्याच्या नावाची फोड करावी लागली नाही. लहानपणापासून तो रोज रात्री तेच म्हणत आलाय: 'तुजें नांव पवित्र जांव'. त्याच प्रार्थनेत पुढं माफीही मागितली आहे, हे त्यानंच सांगितलं, आणि मग म्हणाला की गाणाऱ्यानं तिथपर्यंत जायचं टाळलंय. मुलं हुशार आहेत.

पण खरा प्रश्न भाच्यानं काढला. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यानं गिटार बाजूला ठेवली. "मामा, ह्यानं केलंय काय, ते गाण्यात कुठंच नाही."

खरंच नाही. सात मिनिटांत त्या माणसाचा गुन्हा एकदाही येत नाही. खून केला की दरोडा घातला, राजाविरुद्ध उठला की बायकोचा गळा दाबला, काही नाही. निर्दोष असल्याचा दावाही तो करत नाही. माझ्यातल्या वकिलाला हे पहिल्यांदा खटकलं ते वीस वर्षांपूर्वी, आणि मुलीचा बाप झाल्यावर जास्तच खटकलं. ही चलाखी आहे असं वाटलं. मेलेल्या माणसाला गाण्यातून हाकलून लावायचं आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी सात मिनिटं दाखवायचं. ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरच्या घंटेचं गाणं कोण लिहिणार? फाशीच्या विरोधात बोलणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकवता येत नाही, आणि मी फाशीच्या विरोधात बोलणार आहे. म्हणून तो आधीच मांडून ठेवला.

आपल्याकडं फासावर जाणाऱ्या माणसाच्या दोनच जाती आहेत. एक हुतात्मा. चापेकर, अनंत कान्हेरे, राजगुरू. त्यांच्यासाठी पोवाडे आहेत, शाळेत तसबिरी आहेत, आणि फास तिथं गळ्यातला हार होतो. दुसरा नराधम. त्याच्यासाठी मोर्चा आहे, मेणबत्त्या आहेत, आणि फास म्हणजे उशिरा आलेलं समाधान. या दोघांच्या मधे एक साधा, घाबरलेला, घाम फुटलेला माणूस असतो, त्याच्यासाठी मराठीत मला चटकन गाणं आठवत नाही. तुकोबांनी आपलं मरण डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला सोहळा म्हटलं, पण त्यांना त्यासाठी कोणी वेळ ठरवून दिली नव्हती. गोव्यात तर आम्ही नराधमाला दरवर्षी नव्यानं उभा करतो आणि पहाटे सूर्य उगवण्याआधी जाळतो. तो गवताचा असतो म्हणून आमची झोप उडत नाही, उडते ती स्पीकरमुळे. मात्र कथेतल्या नरकासुराला मरताना वर मागायला मिळाला होता, आणि त्या मागणीमुळेच आपण पहाटे अभ्यंगस्नान करतो, हे पोरांना सांगायला गेलं की ती आवाज वाढवतात.

मीही त्या मोर्चात होतो. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतरचा तो डिसेंबर, पणजीचं आझाद मैदान. माझ्यापुढं एक बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, शाळेच्या गणवेशात, हातात पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं दोर काढलेला. दोराची गाठ तिनं फार मन लावून काढली होती, पीळ न् पीळ. 'फाशी द्या' अशी घोषणा झाली की ती पुठ्ठा वर करायची. मीही ओरडलो, खोटं कशाला सांगू. मागं हुतात्म्यांचं स्मारक होतं. घरी येताना पाटोच्या पुलावर माझ्या डोक्यात त्या मुलीच्या चित्रातली गाठ राहिली, आणि खटल्याचं काय झालं पाहिजे यावर मी विचारच केला नव्हता हे लक्षात आलं. त्या गुन्ह्यातल्या चौघांना २० मार्च २०२० रोजी पहाटे साडेपाचला तिहारमध्ये फाशी झाली. देशात टाळेबंदी लागायला चारच दिवस उरले होते, त्यामुळे बहुतेकांना ती बातमी आता आठवतही नाही.

फाशीचं जे शास्त्र तुरुंगाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं, ते वाचलं की गाण्यानं गुन्हा का वगळला ते थोडं कळतं. आधी कैद्याचं वजन करतात. हलक्या माणसाला लांब दोर, जड माणसाला आखूड, असं कोष्टकच असतं. मग कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळूचं पोतं त्या दोराला बांधून खाली सोडून पाहतात. या सगळ्या कागदात त्यानं काय केलं होतं याचा उल्लेख कुठंही लागत नाही. पोत्याला गुन्हा नसतो. राज्ययंत्रणा शेवटच्या टप्प्यात नेमकं तेच करते जे हॅरिसनं केलं: गुन्हा बाजूला ठेवून एक शरीर आणि एक घड्याळ एवढंच उरवते. फरक एवढाच की गाणाऱ्यानं त्या शरीरात बसून पाहिलं, आणि नियमावली बाहेर उभी राहून मोजमाप घेते.

शिवाय गाण्यातली वाट पाहणी काही तासांची आहे. आपल्याकडची वर्षांची. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणींचं प्रकरण मराठी वाचकाला सांगायला नको. लहान मुलांना पळवून मारलं, १९९६ मध्ये पकडल्या गेल्या, २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. मग दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर सात वर्षांहून अधिक फिरत राहिला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या दिरंगाईवर बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. गावात लोक चिडले आणि चिडणं समजण्यासारखं आहे. पण चिडायचं कोणावर? ज्यांची लेकरं गेली ते आईबापही पंचवीस वर्षं त्याच कोठडीबाहेर उभे होते. फाशीचं वचन दिलं नसतं तर त्यांची फाइल केव्हाच मिटली असती आणि त्या दोघी तुरुंगातच असत्या, जशा आताही आहेत. फाशी या शब्दाची किंमत दोन्हीकडच्यांनी वाट पाहण्यात मोजली.

आता माझ्या धंद्याकडं येतो. मी दिवाणी वकील. गोव्यात याचा अर्थ इन्व्हेंटरी, म्हणजे बाप गेल्यावर भावाबहिणींच्या वाटण्या, नवराबायकोचा अर्धा अर्धा हिस्सा, लग्नाच्या रजिस्ट्रारपुढल्या पहिल्या सहीनंतर दुसरी सही राहून गेल्याच्या भानगडी. माझी चूल ज्यावर पेटते तो पोर्तुगीज नागरी कायदा. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही तो इथं चालू राहिला, आणि आज दिल्लीपासून पर्वरीतल्या आमच्या विधानसभेपर्यंत जो उठतो तो सगळ्या धर्मांना एकच कायदा म्हणून त्याचं कौतुक करतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात गोव्याचं उदाहरण झळाळतं असल्याचं म्हटलं. मार्च २०२१ मध्ये पर्वरीला उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सरन्यायाधीश बोबडे आले होते, त्यांनीही पाठ थोपटली. (तो कायदा वाटतो तितका समान नाही, १८८० चे हिंदूंसाठीचे वेगळे रीतिरिवाज त्याला चिकटलेले आहेत, पण कौतुकाच्या भाषणात तळटीप कोण वाचतो.)

या नागरी कायद्यावर लिस्बनमध्ये राजाची मोहोर उठली ती १ जुलै १८६७ रोजी. आमच्या ऑफिसातल्या जुन्या छापील प्रतीवर ती तारीख आहे. आणि त्याच दिवशी, १ जुलै १८६७ लाच, राजा लुईश पहिला याच्या सहीनं पोर्तुगालनं दुसराही एक कायदा केला. नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द. त्या वेळचा न्यायमंत्री बार्जोना द फ्रैतश याच्या सुधारणांचा तो भाग होता. पोर्तुगालात साध्या गुन्ह्यासाठी शेवटची फाशी १८४६ मध्येच झाली होती, राजकीय गुन्ह्यांची १८५२ मध्ये रद्द झाली होती, त्यामुळे १८६७ मध्ये दोर उतरवून ठेवणं एवढंच बाकी होतं. युरोपात तेव्हा त्याचं नवल झालं. व्हिक्टर ह्यूगोनं पोर्तुगालचं अभिनंदन केलं. दोन्ही कायदे समुद्रापलीकडच्या वसाहतींना लागू झाले ते १८७० च्या आगेमागे. म्हणजे ज्या पिढीला गोव्यात वाटणीचा नवा कायदा मिळाला, त्याच पिढीच्या डोक्यावरून फास गेला.

पोर्तुगिजांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. जुने गोव्यात 'हात कातरो खांब' अजून उभा आहे आणि त्याच्या नावात लोकांची आठवण आहे. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं. राजवट उलथवण्याच्या १७८७ च्या पिंटोंच्या कटानंतर पंधरा जणांचे जीव राजमान्य क्रौर्यानं घेतले गेले. १८७० नंतरही लष्करी कायद्यातला मृत्युदंड १९११ पर्यंत राहिला आणि पहिल्या महायुद्धात आघाडीपुरता परत आला. शिवाय कायद्यात फाशी नाही म्हणून राज्य दयाळू होतं असंही नाही. गोवामुक्तीसाठी लढणारा बाळा राया मापारी १९५५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारला गेला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. गोळीला न्यायाधीशाची सही लागत नाही.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. मोहन रानडे मूळचे सांगलीचे शिक्षक, गोव्यासाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन १९५५ मध्ये पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पोर्तुगालला नेले, वर्षानुवर्षं एकांतकोठडीत ठेवले, गोवा मुक्त झाला तरी सोडले नाहीत. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. नंतर गोव्यात आले, संस्था काढल्या, २०१९ मध्ये पुण्यात वारले. पोलीस ठाण्यावर बंदूक घेऊन गेलेल्या माणसाचं ब्रिटिशांच्या हद्दीत काय व्हायचं, ते चापेकरांच्या पुण्याला विचारावं. साम्राज्य दोन्हीकडं साम्राज्यच होतं. फरक कायद्याच्या एका पानाचा होता, आणि त्या पानामुळे एक माणूस चौदा वर्षांनी परत येऊ शकला. आम्ही त्यांना हार घातले. हुतात्म्याच्या तसबिरीला घालतो ते नव्हेत, जिवंत गळ्यात घालायचे.

मग १९ डिसेंबर १९६१. मुक्तीनं आम्हाला मत दिलं, गावोगाव मराठी-कोंकणी शाळा दिल्या, कुळांना जमिनी दिल्या. आणि भारतीय दंडविधान लागू झालं तेव्हा त्याबरोबर फासही दिला. नव्वदेक वर्षं ज्या भूमीत न्यायालयाला साध्या गुन्ह्यासाठी जीव घेता येत नव्हता, तिथं तो अधिकार परत आला, आणि त्या वेळी त्यावर चर्चा झाल्याचं मला तरी कोणा जुन्या माणसाच्या तोंडून ऐकू आलेलं नाही. नागरी कायदा मात्र जपून ठेवला गेला. पोर्तुगालनं स्वतः तो जुना नागरी कायदा १९६७ मध्ये टाकून दिला आणि नवा आणला. फाशीबंदी मात्र त्यांनी राखली, १९७६ च्या राज्यघटनेत कसलाच अपवाद न ठेवता पक्की केली. आम्ही बरोबर उलटं केलं. त्याच तारखेच्या दोन कागदांपैकी वाटण्यांचा ठेवला, माणसांचा हरवला.

इथं कोणी म्हणेल, परकीयांनी दिलेलं शहाणपण आम्हाला नको. मग घरचं घ्या. जून १९४९ मध्ये घटना समितीत फौजदारी अपिलांवर चर्चा चालली होती, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सरळ सांगितलं की अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच या देशानं रद्द करावी हे त्यांना अधिक पटतं. त्यांनी आधार दिला तो अहिंसेच्या आपल्या परंपरेचा: लोक ती आचरणात आणत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून मानतात. २०१५ मध्ये विधी आयोगानं २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे सोडून फाशी रद्द करावी असं म्हटलं. ते अपवादाचं शेपूट मला पटत नाही, कारण दहशतवादाच्या खटल्यात चुका कमी होतात असं मानायला काहीच आधार नाही, उलट तिथं पोलिसांवर दडपण जास्त. पण निदान दिशा तरी तीच होती. त्यानंतर झालं काय? दंडविधानाच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत फाशीची कलमं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. ती संहिता लागू झाली १ जुलै २०२४ रोजी. तारीख पुन्हा पाहा. योगायोग आहे, दुसरं काही नाही, पण मी ती वाचून क्षणभर थांबलो होतो.

चुकांबद्दल. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतले सहा जण. २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा, खून, बलात्कार. खालच्या कोर्टात सहाही जणांना फाशी. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांनंतर प्रत्येकी पाच लाख रुपये द्या असा सरकारला आदेश झाला. यात तीन न्यायालयं, कितीतरी न्यायमूर्ती, सगळे शिकलेले आणि बहुतेक प्रामाणिक. गाण्यातला माणूस विचारतो ना, हे काहीतरी चुकून तर होत नाही? आपण ते घाबरलेल्या माणसाचं बडबडणं समजतो.

दुसरं प्रकरण जास्त विचित्र आहे. राजस्थानातल्या एका माणसाला मे १९९६ मध्ये फाशी झाली. बायको-मुलांचा खून, गुन्हा भयंकर, त्यात शंका नाही. त्याची फाशी कायम करताना न्यायालयानं म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नाही. १९८० च्या बच्चन सिंग निकालानं मात्र दुर्मिळातलं दुर्मिळ प्रकरण ठरवताना दोन्ही पाहायला सांगितलं होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की तो आधीचा निकाल बच्चन सिंगच्या विरुद्ध होता, सबब चुकीचा. तोवर त्या माणसाला जाऊन तेरा वर्षं झाली होती. पुढं २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की त्याच चुकीवर बेतलेल्या इतर फाशा तरी जन्मठेपेत बदला.

म्हणजे गाणं फक्त माणूस बघतं आणि गुन्हा बघत नाही, याबद्दल मी रागावलो होतो. त्या निकालानं फक्त गुन्हा पाहिला आणि माणूस पाहिला नाही. दोन्ही अर्धी. पण गाणं अर्धं असलं म्हणून कोणाचा जीव जात नाही.

आता दुपट्टा किलर. हा आमच्याच तालुक्यातला, शिरोड्याचा, २००९ मध्ये पकडला गेला. गरीब घरच्या मुलींना लग्नाचं आमिष दाखवायचं, सोनं घालून बोलवायचं, दुपट्ट्यानं गळा आवळायचा. पोलिसांपुढं सोळा खुनांची कबुली दिल्याचं तेव्हा छापून आलं. काही खटल्यांत जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी सुटला. फोंड्याच्या बाजारात तेव्हा मासळीवालीपासून सराफापर्यंत एकच वाक्य होतं: ह्याला फासावर दिला पाहिजे. आजही माझ्याशी या विषयावर वाद घालणारे पहिलं नाव त्याचंच काढतात, आणि काढावंच.

मी त्यांना एवढंच विचारतो. पहिला खून १९९४ चा सांगतात. १९९४ पासून २००९ पर्यंत दंडविधानात फाशी होती ना? पंधरा वर्षं तो त्या फाशीच्या सावलीतून मोकळा फिरत होता. त्याला फाशीचं भय नव्हतं, कारण पकडलं जाण्याचंच भय नव्हतं. मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या बापाला 'गेली असेल कोणाबरोबर' म्हणून परत पाठवलं जात होतं, एका गावातली तक्रार दुसऱ्या गावातल्या तक्रारीला कोणी जोडून पाहत नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या तक्रारीला एखाद्या हवालदारानं सोनाराकडं जाऊन त्या मुलींच्या सोन्याबद्दल विचारलं असतं, तर डझनभर मुली आज चाळिशीच्या असत्या. फाशी मागणं फुकट असतं. सोनाराकडं जाणाऱ्या हवालदाराला पगार, वाहन आणि वरून पाठबळ लागतं, म्हणून तिथं घोषणा होत नाहीत.

आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा बाजारातला गैरसमज. चौदा वर्षं ही सुटकेचा विचार सुरू करण्याआधीची किमान मर्यादा आहे, सुटकेची तारीख नाही. २००८ पासून तर सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी केली आहे की फाशीऐवजी मरेपर्यंत, सूट न देता, कैद देता येते. ज्याला बाहेर सोडणं धोक्याचं त्याला आत ठेवायची सोय आज कायद्यात आहे. उरते ती फक्त सूडाची भूक. ती खोटी नाही, ज्याची मुलगी गेली त्याच्या घरी ती असणारच, आणि त्याला मी उपदेश करायला जाणार नाही. पण ती भागवण्याचं काम सरकारनं वजनकाटा आणि वाळूचं पोतं घेऊन करावं का, हा प्रश्न त्या बापाचा नाही. आपल्या बाकीच्यांचा आहे. दोर आपल्या नावावर खरेदी होतो.

मग गोव्यानं करायचं काय? फौजदारी कायदा आणि प्रक्रिया हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. राज्याला दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती मात्र लागते, आणि ती मिळेल असं मी समजत नाही. पण ठराव करायला कोणाची संमती लागत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये त्रिपुराच्या विधानसभेनं फाशी रद्द करा असा ठराव केंद्राकडं पाठवला. छोटं राज्य, दिल्लीपासून लांब, दहशतवादाची झळ आमच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलेलं. त्यांच्याकडं तर १८६७ चा कागदही नव्हता.

नरकासुराच्या रात्री पोरांनी ते गाणं वाजवलं. घंटा मात्र काढून टाकली, थेट गिटारीनंच सुरुवात केली. भाचा म्हणाला, आजी उठून बसली असती. मी गर्दीत मागं उभा होतो, शेजारी आमच्या भागातले एक माजी आमदार, कानात बोटं घालून. गाणं कशावर आहे विचारलं, मी सांगितलं. मग १ जुलैची गोष्टही सांगितली. नागरी कायद्याची तारीख त्यांना पाठ होती, दुसऱ्या कायद्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. "खरंच एकाच दिवसाचे?" म्हणाले, आणि मग नरकासुराला आग लागली तसं बोलणं तिथंच राहिलं.

पर्वरीला चाळीस आमदार बसतात. अधिवेशनात खासगी ठराव शुक्रवारी घेतले जातात. नागरी कायद्याची स्तुती त्या सभागृहात किती वेळा झाली असेल याची मोजदाद नाही. एखाद्या शुक्रवारी कोणीतरी त्याच तारखेचा दुसरा कागद टेबलावर ठेवावा. पाडला जाईल बहुधा. तरी कामकाजाच्या वृत्तांतात नोंद तर राहील, कोणी उभं राहिलं होतं आणि विरोधात हात कोणाकोणाचे वर गेले याची.